डॉलर-रुपया फ्युचर विकून एक्सपायरीपर्यंत ठेवलं तर डॉलर द्यावे लागतात का? समोरचा बुडाला तर पैसे कोण देतं?

फ्युचर म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच बांधून घेणारा, एक्स्चेंजवरचा सौदा, आणि एक्सपायरी म्हणजे तो संपायचा दिवस. डॉलर द्यावे लागत नाहीत, आपल्याकडं सगळं रुपयातच मिटतं. आणि समोरचा बुडाला तर क्लिअरिंग कॉर्पोरेशन, म्हणजे एक्स्चेंजवरच्या सौद्यांची हमी घेणारी संस्था, देतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर एवढंच आहे, पण खाली तुम्ही लिहिलंय की निर्यातीचं बिल आहे म्हणून हेज करायचंय, म्हणजे भाव पडायच्या धोक्यातून सुटायचंय, आणि घरचे म्हणायलेत "हा सट्टा आहे, यात समोरचा पळून जातो". ते वाचून राहवलं नाही, कारण हेच वाक्य मी दहा-बारा वर्षांपासून ऐकायलोय.

आमचं वाळूजला छोटं मशीन शॉप आहे, टर्निंगचे पार्ट बनवतो. माझे दाजी लातूरच्या मोंढ्यात आडत करतात. 2013 च्या जूनच्या सुरुवातीला आम्ही अमेरिकेतल्या एका पार्टीला एक लाख डॉलरचा माल पाठवला, माल पोचल्यापासून नव्वद दिवसांची उधारी, म्हणजे पैसे येणार सप्टेंबरच्या शेवटी. रेट दिला होता पंचावन्नच्या हिशोबानं. मे महिन्यात डॉलर 54 च्या आसपास होता आणि जून लागेपर्यंत 56-57 झाला, मला वाटलं हा मिळतोय तोवर बांधून घ्यावा, परत खाली आला तर सगळा नफा जायचा. म्हणून सप्टेंबरचे शंभर लॉट विकले, अठ्ठावन्नच्या जरा खाली भाव मिळाला. एक लॉट हजार डॉलरचा, म्हणजे बरोबर एक लाख डॉलर, एक डॉलर जास्त नाही की कमी नाही. याला सट्टा म्हणणाऱ्यानं आधी हे आकडे बघावेत.

आता यात होतं काय, की सौदा लागला की तुमच्या आणि समोरच्याच्या मधे क्लिअरिंग कॉर्पोरेशन येऊन उभं राहतं. विकणाऱ्यासाठी घेणारा तेच आणि घेणाऱ्यासाठी विकणारा तेच, याला नोव्हेशन म्हणतात. समोर मुंबईची बँक आहे का सुरतचा व्यापारी, तुम्हाला कधीच कळत नाही आणि कळायची गरजही नाही. पण ते फुकट उभं राहत नाही. दोन्ही बाजूंकडून आधी मार्जिन, म्हणजे अनामत, घेतं, आणि रोज संध्याकाळी शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांच्या सरासरीवरून त्या दिवसाचा सेटलमेंट भाव काढून हिशोब करतं, याला एमटीएम म्हणतात. मोंढ्याच्या भाषेत सांगायचं तर रोज संध्याकाळी पट्टी निघते. डॉलर एक रुपयानं वर गेला की माझ्यासारख्या शंभर लॉट विकलेल्याचे एक लाख रुपये दुसऱ्या दिवशी खात्यातून गेले, आणि ज्यानं घेतलंय त्याच्या खात्यात ते जमा झाले. उधारी नाही, "पुढच्या बाजारी देतो" नाही.

मला हे माहीत होतं. कागदावर माहीत होतं, असं म्हणा.

जून संपेपर्यंत डॉलर साठच्या घरात, माझे तीनेक लाख गेलेले. जुलैत सेबीनं डॉलर-रुपयाचं मार्जिन दुप्पट केलं, ते वेगळे भरले. त्यावेळी दाजींनी तीन लाख दिले, काही न विचारता दिले. ऑगस्ट लागला आणि मग काय रुपया थांबेचना, 63, 64, सत्तावीस तारखेला एका दिवसात जवळजवळ दोन रुपये. बँकेत गेलो, म्हटलं हे बघा एक्स्पोर्टचं बिल, हे बघा फ्युचर, तिकडं जेवढा तोटा आहे तेवढाच इकडं बिलात फायदा आहे, महिन्याभरासाठी लिमिट वाढवून द्या. मॅनेजर म्हणाले शेअरच्या धंद्याला बँक पैसे देत नाही. शेअर! मी दाजींना फोन लावला, आणखी चार लाखांसाठी. ते म्हणाले, "आरं तू बुडू लालास, आन मला बी घेऊन बुडतूस. समोरचा कोन हाय ते बी तुला ठाव नाही." आणि फोन ठेवला.

28 ऑगस्टला रुपया 68 च्या पार गेला. आदल्या दिवशीची पट्टी मी भरू शकलो नव्हतो, ब्रोकरनं दुपारी शंभरच्या शंभर लॉट कापले, म्हणजे परस्पर बंद केले, 68 च्या वर. दहा लाखांच्या वर गेले. त्यानंतर चारच आठवड्यांत डॉलर 62-63 वर आला, आमचं बिल त्याच भावानं जमा झालं, म्हणजे तोटा वजा जाता एका डॉलरमागं हाताला बावन्नच्या आसपास लागले. काहीच केलं नसतं तर बासष्ट मिळाले असते. आणि शेवटपर्यंत टिकलो असतो तर जे बांधलं होतं ते अठ्ठावन्नच मिळाले असते, कारण फ्युचरमधले साडेचार लाख बिलात परत आले असते. मला अठ्ठावन्नच पाहिजे होते हो, बासष्टचा मोह नव्हताच.

तेव्हापासून घरात लग्न असो का बारसं, दाजी चारचौघांत म्हणतात "ह्यानं डॉलरच्या सट्ट्यात दहा लाख घातले, समोरच्यानं खाल्ले." म्हणून इथं स्पष्ट लिहितो. समोरच्यानं काही खाल्लं नाही. क्लिअरिंगनं एक रुपया चुकीचा कापला नाही. मी हेज बरोबर केलं आणि रोजच्या पट्टीला लागणारी रोकड जवळ ठेवली नाही, फायदा सप्टेंबरात येणार होता आणि पैसे ऑगस्टात लागत होते.

आणि दाजींना हे कळायला पाहिजे, कारण ते स्वतः तेच काम करतात. शेतकऱ्याचा माल खरेदीदारानं घेतला तर पट्टी आडत्या देतो, खरेदीदाराचे पैसे आले नाहीत तरी देतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एक दालमिलवाला त्यांची तीन आठवड्यांची तूर उचलून गेला आणि मिलला कुलूप लावलं, दाजींनी शेतकऱ्यांचे पैसे स्वतःच्या घरातून फेडले, दोन वर्षं लागली, बहिणीच्या पाटल्या गेल्या. मग क्लिअरिंग हाऊस दुसरं काय असतं? फरक इतकाच की दाजींनी त्या मिलवाल्याकडून रोजच्या रोज काही घेतलं नाही, तीन आठवडे साचू दिलं. क्लिअरिंगवाले एक दिवस साचू देत नाहीत, म्हणून ते सहसा बुडत नाहीत, आणि ज्या कडकपणामुळं मी कापला गेलो त्याच कडकपणामुळं ज्यानं माझ्याकडून डॉलर घेतले होते त्याला त्याचे पैसे मिळाले. मला राग त्या कडकपणाचा नाही.

1974 ला जर्मनीत हेरश्टाट नावाची बँक बंद पडली, समोरच्या बँकांनी जर्मन मार्क देऊन टाकले होते आणि डॉलर यायच्या आधीच तिला टाळं लागलं. मधे कुणी नसलं की असं होतं, मग कोलोन असो का लातूर.

आता तुमचं राहिलेलं. एक्सपायरीला काय होतं, तर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाच्या दोन कामकाजाचे दिवस आधी दुपारी सौदे बंद होतात आणि त्या दिवशीच्या रेफरन्स रेटवर, म्हणजे डॉलरच्या अधिकृत जाहीर भावावर, शेवटचा हिशोब होतो. आधी हा रेट रिझर्व्ह बँक काढायची, 2018 पासून एफबीआयएल ही असे दर काढणारी कंपनी काढते. फरक रुपयात मिटतो. शिकागोच्या एक्स्चेंजवर युरोसारख्या फ्युचरमधे खरंच चलन द्यावं-घ्यावं लागतं, मार्च-जून-सप्टेंबर-डिसेंबरच्या तिसऱ्या बुधवारी, तिकडचं वाचून तुमचा गोंधळ झाला असेल. ऑप्शन म्हणजे ठरल्या भावानं घ्यायचा किंवा विकायचा नुसता हक्क, त्यात घेणारा दुसऱ्या दिवशी प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत, भरतो आणि सुटतो, त्याला रोजची पट्टी नाही. शेवटी फायद्यात असला तर आपोआप एक्सरसाइज होऊन, म्हणजे हक्क वापरला जाऊन, फरक जमा होतो, नसला तर प्रीमियम गेला. मार्जिनची कटकट विकणाऱ्याला. 2013 ला मी पुट, म्हणजे विकायचा हक्क, घेतला असता तर प्रीमियम गेला असता, पण बिलावर बासष्ट मिळाले असते आणि रात्रीची झोप राहिली असती. तेव्हा प्रीमियम महाग वाटला. छोट्या कारखानदारानं पुटच घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

फ्युचरच विकायचं असेल तर नुसतं मार्जिन बघू नका, डॉलर दहा रुपये वर गेला तर लागणारी रोकड आधी बाजूला ठेवा, शंभर लॉटला ती दहा लाख होते.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. क्लिअरिंगची हमी क्लिअरिंग मेंबरपर्यंत, म्हणजे त्यांच्याशी थेट हिशोब करणाऱ्या ब्रोकर किंवा बँकेपर्यंत, असते, एखाद्या मेंबरनं पैसे भरले नाहीत तर आधी त्याचंच मार्जिन वापरतात आणि मग सेटलमेंट गॅरंटी फंड, म्हणजे हमीसाठी साठवलेला निधी, वगैरे. पण तुमच्या ब्रोकरनं तुमच्या पैशात गडबड केली तर तो वेगळा विषय आहे, ब्रोकर बघून घ्या. आणि दाजींबद्दल कडक लिहिलं, पण त्या ऑगस्टात भाचीच्या ॲडमिशनचे पैसे भरायचे होते आणि आदल्या दुष्काळानं मोंढ्यात आवकच नव्हती, चार लाख त्यांच्याकडं नसतीलही. ते त्यांनी तेव्हा तसं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटचं म्हणजे मे 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं खरी देणी-घेणी असल्याशिवाय रुपयाचे हे सौदे करताच येत नाहीत. दहा कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण व्यवहार खरा असावाच लागतो. तुमच्याकडं बिल आहे, त्याची एक कॉपी सौद्याच्या फायलीला लावून ठेवा. एक घरच्यांना दाखवा.