गांजाला कायद्याने परवानगी दिली तर खान्देशातल्या शेतकऱ्याचं भलं होईल का?

औषधासाठी परवानगी हवी, मौजेसाठी नको, असं माझं मत. याच झाडातल्या सीबीडी या घटकापासून बनवलेल्या औषधाला २०१८ मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या तीव्र अपस्मारासाठी मान्यता मिळाली. सीबीडीने नशा चढत नाही, नशा टीएचसी या दुसऱ्या घटकाची.

आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा आहे. त्यात शेंडे-फुलं म्हणजे गांजा. नुसती पानं त्या व्याख्येत नाहीत, म्हणून महाशिवरात्रीची भांग वेगळी ठरते. पण झाड लावलं तर १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड! शिरपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, पिकाच्या आड लावलेला गांजा पोलीस वारंवार उपटतात. पैसा दूरच्या व्यापाऱ्याचा, आणि तुरुंगात जातो तो वावर कसणारा. मला राग येतो तो याचा.

धागा आणि बियांसाठी लागवडीला परवानगी देण्याची सोय याच कायद्यात आहे. उत्तराखंडने कमी नशेच्या वाणाला परवाने दिलेत. कापसाच्या भावाने पिचलेल्या आपल्या भागात महाराष्ट्रानेही तसा प्रयोग करावा. तोवर भाऊ, कुणी बियाणं आणि आगाऊ पैसे घेऊन आला, तर त्याला बांधावरूनच परत पाठवा.