बाँडच्या वर्षाविषयी: तुमचे प्रश्न

निकाल लागले की बाँडबद्दल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात शिकल्यावर वर्षभर सरकारी सेवा करण्याच्या लेखी हमीबद्दल (बंधपत्र), तेच प्रश्न पुन्हा येतात. म्हणून सरकारी कॉलेजांतल्या मुलांना आणि पालकांना एकदाच उत्तरं देतो.

इंटर्नशिपमध्ये खेड्यात काम केलं. ते महिने बाँडमध्ये धरतात का?

नाही. इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग आहे, बाँडची सेवा त्यानंतर.

ओळखीचा एकजण पैसे घेऊन बाँड ‘सोडवून’ देतो म्हणतो. विश्वास ठेवावा का?

एक रुपयाही देऊ नका. सेवा करा, किंवा तुमच्या बंधपत्रात दंडाची सोय असेल तर तो सरकारी खात्यात भरून पावती घ्या. महाराष्ट्रात बऱ्याच बॅचसाठी हा दंड एमबीबीएसला 10 लाख, पदव्युत्तरला 50 लाख होता. तुमच्या प्रवेशवर्षाचा नियम काय, हे अधिष्ठाता कार्यालयात लेखी विचारा. सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका.

सुप्रीम कोर्टाने बाँड रद्द केल्याचा मेसेज फिरतोय. खरं आहे का?

उलट आहे. 19 ऑगस्ट 2019 च्या निकालात कोर्टाने राज्यांचे बाँड वैध ठरवले. तरी दाद मागायची असेल तर वकिलाला बंधपत्र दाखवा, मेसेज नव्हे.

मुलीला धडगावकडचं पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) मिळालंय. रात्री साप चावलेला रुग्ण आला तर ती एकटी काय करणार? रुजू व्हायला थोडा उशीर केला तर?

उशीर करू नका. रुजू होईपर्यंत वर्ष मोजायला सुरुवातच होत नाही. आणि भीतीवर उपाय तयारीचा आहे, तो तिने पहिल्याच दिवशी करावा. ओपीडीआधी फार्मासिस्टला सोबत घेऊन कपाट उघडायचं. एएसव्हीच्या (सापाच्या विषावरच्या औषधाच्या) कुप्या किती, मुदत कधीपर्यंत, अॅड्रेनॅलिन, निओस्टिग्मिन, अॅट्रोपिन आहे का, अंबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) फाटलेली नाही ना, ऑक्सिजन सिलिंडरची चावी कुठे, सगळं स्वतः हातात घेऊन बघायचं. रक्त गोठतंय का हे तपासायला कोरडी, स्वच्छ काचेची टेस्ट ट्यूब हवी, प्लास्टिकची चालत नाही. तीत शिरेतलं 2 मिली रक्त घालून 20 मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं तर विष भिनलंय. मण्यारच्या दंशात मात्र रक्त नीट गोठतं, म्हणून पापण्या पडतायत का, हेही सारखं पाहायचं. विषबाधेची लक्षणं दिसली की एएसव्हीच्या 10 कुप्या. लहान मुलालाही तेवढ्याच. मग 108 ची रुग्णवाहिका. पहिला डोस न देता नुसती रेफरची चिठ्ठी हातात दिली की माणूस घाटातच दगावतो. हे मला सहन होत नाही. जिल्हा रुग्णालयातल्या फिजिशियनचा नंबर तिने आधीच घ्यावा आणि शंका आली की उपचार चालू ठेवून फोन करावा. पीएचसीत शिकण्यासारखं काही नसतं, असं तिला कुणी सांगत असेल तर ऐकू नका. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग डॉ. हिंमतराव बावसकरांनी महाडकडच्या ग्रामीण रुग्णांवर काम करूनच दाखवून दिला.

वर्ष संपलं, पण सेवेचं प्रमाणपत्र मिळालं नाही. काय करू?

आजच जिल्हा आरोग्य अधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या, सोबत रुजू झाल्याचा आणि कार्यमुक्तीचा आदेश जोडा, पोच घ्या. पुढच्या प्रवेशाची तारीख जवळ येईपर्यंत थांबू नका.