कानाखालच्या गाठीत सुई टाकली तर कॅन्सर पसरतो का?

तुम्ही लिहिलंय की निफाडला राहणाऱ्या तुमच्या वडिलांच्या कानाखाली चार वर्षांपासून गाठ आहे, दुखत नाही, पण आता डोळ्यांना दिसते. नाशिकच्या डॉक्टरांनी सुईची तपासणी सांगितली आणि घरात एकच घोर लागला, की गाठीला हत्यार लागलं म्हणजे ती पसरणार. शिवाय सुईने निदान होत असेल तर अख्खी गाठ काढून ती पुन्हा तपासायची कशाला, हाही तुमचा प्रश्न आहे.

मी नाशिकमध्येच पॅथॉलॉजिस्ट आहे, अशा गाठी रोजच्या कामात येतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते: सुई टाकून घ्या. ती २३ किंवा २५ गेजची, म्हणजे दंडात इंजेक्शन देतात तितकीच बारीक असते. अशा सुईमुळे लाळग्रंथीचा कॅन्सर पसरल्याचं अत्यंत क्वचित आढळतं.

घरच्यांची भीती मात्र अगदीच वाऱ्यावरची नाही. ती सुईला लागू नाही, अर्धवट कापाकापीला आहे. कानाखालच्या लाळग्रंथीला पॅरोटिड म्हणतात आणि चेहरा हलवणारी नस तिच्या आतूनच जाते. तिथे सगळ्यात जास्त सापडणारी गाठ म्हणजे प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा. ही कॅन्सरची नाही, पण तिचं आवरण काही ठिकाणी फार पातळ असतं आणि त्यातून गाठीचे कोंब बाहेर आलेले असतात. नुसती गाठ उकरून काढली तर हे कोंब मागे राहतात, आणि काही वर्षांनी त्याच जागी एकीच्या ठिकाणी अनेक बारीक गाठी येतात. दुसऱ्या वेळचं ऑपरेशन त्या नसेसाठी कितीतरी जोखमीचं. म्हणून कोणी ‘जागेवर भूल देऊन तेवढी गाठ काढून टाकू’ किंवा ‘चीर देऊन तुकडा घेऊ’ म्हणालं, तर वडिलांना तिथून उठवा आणि डोक्या-मानेची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडे न्या.

आता सुईत काय दिसतं ते सांगते. निघालेला थेंबभर माल काचेवर पसरतात, काही काचा हवेत वाळवतात, काही लगेच अल्कोहोलमध्ये बुडवतात. वाळवलेल्या काचेवर गिम्सा रंग चढवला की प्लिओमॉर्फिक ॲडिनोमातलं तंतुमय द्रव्य भडक किरमिजी दिसतं, कडा पिंजलेल्या कापसासारख्या विस्कटलेल्या आणि त्यात पेशी गुंतलेल्या. ते चित्र स्पष्ट आलं की मला फार विचार करावा लागत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्या उतारवयातल्या माणसात सुईत मळकट तपकिरी पाणी आलं, तर वॉर्थिन ट्यूमर आधी मनात येतो. तीही साधी गाठ, कधीकधी दोन्ही बाजूंना असते.

आपल्याकडे आणखी एक शक्यता कायम लक्षात ठेवावी लागते, ती टीबीची. पॅरोटिडच्या आत लिम्फच्या गाठी असतात आणि टीबी तिथे बसू शकतो. सुईत तशा खुणा दिसल्या तर त्याच मालावर टीबीचे जंतू शोधतात, सीबीनॅट म्हणजे टीबीच्या जंतूचं जनुक शोधणारी तपासणी करतात, आणि निदान पक्कं झालं की बहुतेकांचं ऑपरेशन टळून औषधांवर भागतं. ज्या सुईला घरचे घाबरलेत, तीच सुई चिरफाड वाचवू शकते ती अशी.

रिपोर्टवर ‘मिलान’ असा शब्द आणि एक रोमन आकडा असेल. लाळग्रंथीच्या सुईचे रिपोर्ट जगभर एकाच भाषेत यावेत म्हणून ही पद्धत २०१८ मध्ये आली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. पहिला गट म्हणजे माल पुरेसा नाही. त्याचा अर्थ ‘काही नाही’ असा कृपा करून घेऊ नका, सुई पुन्हा टाकावी लागते. सहावा म्हणजे कॅन्सर. चौथ्याचे दोन भाग आहेत: एकात साधी गाठ, दुसऱ्यात गाठ आहे हे नक्की, पण साधी की वाईट हे सुईवरून सांगता येत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या दुसऱ्या भागात आहे. सुई गाठीच्या पोटातल्या पेशी आणते, काठ आणत नाही. आणि लाळग्रंथीत पुष्कळदा निकाल काठावर लागतो. बेसल सेल ॲडिनोमा आणि त्याचाच कॅन्सर, दोन्हींच्या पेशी जवळपास सारख्या दिसतात. आवरण फोडून शेजारी घुसल्या असतील तरच कॅन्सर. म्युकोएपिडरमॉइड हा या ग्रंथींचा सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर, पण तो सौम्य प्रकारचा असला तर सुईत कधी नुसता चिकट द्रव येतो आणि पेशी हुकतात. ॲडिनॉइड सिस्टिक हा कॅन्सर तर नसांच्या कडेने सरकतो, हळू वाढतो आणि वर्षांनंतर फुप्फुसात निघू शकतो.

म्हणून काढलेली गाठ आली की आम्ही आधी तिच्या बाहेरून शाई लावतो, मग काप घेतो. काचेवर शाईपर्यंत गाठ पोचलेली दिसली तर काहीतरी आत राहिलं असण्याची शक्यता असते. तरीही नाव ठरेना, तर गाठीचा काप मेणात बसवून केलेल्या ब्लॉकवर आयएचसी (पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणारी तपासणी) किंवा जनुकांची तपासणी करतात. सिक्रेटरी कार्सिनोमा हा प्रकार तर २०१० मध्ये वेगळा ओळखला गेला. त्यात बहुतेकदा जो जनुकबदल असतो, त्यावर आज गोळ्या आहेत. सर्जनना आधीच सांगून ठेवा की गाठ अख्खी, भरपूर फॉर्मॅलिनमध्ये पाठवा. दोन लॅबसाठी कापून वाटली की काठ कुठला हेच कळेनासं होतं. शंका राहिलीच तर ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. नाशिकहून कितीतरी जण ते सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने परळच्या टाटा मेमोरियलला दुसऱ्या मतासाठी नेतात. त्यासाठी पेशंटची फरफट करावी लागत नाही.

चार वर्षांची न दुखणारी गाठ बहुधा साधीच निघेल, पण प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा जितकी वर्षं अंगावर काढावी तितका त्यात कॅन्सर उपजण्याचा धोका वाढतो. तोंड एका बाजूला वाकडं होऊ लागलं, डोळा नीट मिटेना, गाठ अचानक भरभर वाढली किंवा दुखायला लागली, तर आठवडाही थांबू नका. सुईला जाताना सोनोग्राफीचा रिपोर्ट सोबत ठेवा, आणि वडील रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर ते टेबलावर झोपण्याआधी सांगा.