वाचकांचे प्रश्न: रक्तवाहिनी वाढवणारं प्रथिन ओळखतात तरी कसं?

प्रश्न: नमस्कार. मी बायोटेक शिकतेय आणि प्रोजेक्टसाठी वाचताना सारखं येतं की माणसाच्या पेशींपासून रक्तवाहिन्या वाढवणारी प्रथिनं वेगळी केली. पण पेशीत हजारो प्रथिनं असतात ना, मग नेमकं हेच ते, असं ठरवतात कसं? आणि व्हीईजीएफ हे असंच एक प्रथिन सापडून इतकी वर्षं झाली, तर हार्टमध्ये ब्लॉकेज असलेल्या पेशंटला तेच टोचून नवीन वाहिन्या का नाही वाढवत?

उत्तर: पहिला प्रश्न मला जास्त आवडला त्यामुळे त्यावर जरा लांबण लागणार.

बऱ्याचदा पेशी फोडायची गरजच पडत नाही. यातली बरीच प्रथिनं पेशी स्वतःच बाहेर सोडतात, म्हणजे शोधायचं ते पेशी ज्या मीडियममध्ये वाढतात त्या पाण्यात. आता अडचण अशी की पेशी वाढवताना मीडियममध्ये वासराचं सीरम घालतात आणि त्यात आधीच ढीगभर ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढ घडवणारी प्रथिनं, असतात, मग आपलं कुठलं आणि वासराचं कुठलं काही कळणार नाही, म्हणून पेशी नीट धुऊन एखाददोन दिवस बिनसीरमच्या मीडियममध्ये ठेवतात आणि ते मीडियम गोळा करतात. मग ते प्रथिनं वेगळी करणाऱ्या कॉलममधून सोडायचं, बाहेर येणारे वेगवेगळे भाग, म्हणजे फ्रॅक्शन, धरायचे आणि प्रत्येक फ्रॅक्शन तपासायचा की रक्तवाहिन्या याने वाढतायत का. ज्यात वाढतायत तो पुढच्या कॉलमला, बाकीचे बाजूला.

हार्वर्डमध्ये बर्ट व्हॅली यांच्या ग्रुपने १९८५ मध्ये अँजिओजेनिन असंच काढलं, माणसाच्या आतड्याच्या कॅन्सरच्या एचटी-२९ पेशींच्या मीडियममधून. एका लिटरमागे हाती लागायचं साधारण अर्धा मायक्रोग्रॅम! आणि टेस्ट कशावर, तर कोंबडीच्या अंड्यावर. कवचाला छोटी खिडकी पाडायची, आतल्या पडद्यावर नमुना लावलेली चकती ठेवायची आणि दोनतीन दिवसांनी बघायचं. प्रथिन खरंच काम करत असेल तर बारीक वाहिन्या चाकाच्या आऱ्यांसारख्या चकतीकडे वळलेल्या दिसतात. दिसायला भारी टेस्ट आहे पण फसवी पण तितकीच, कवचाची पूड आत पडली तरी सूज येऊन वाहिन्या वाढतात, त्यामुळे कोरी चकती ठेवलेली अंडी सोबत नसतील तर असल्या फोटोंवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

गंमत म्हणजे हे अँजिओजेनिन १२३ अमिनो आम्लांचं निघालं आणि आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमच्या खानदानातलं निघालं, आणि पुढे ते निरोगी माणसाच्या रक्तातही सापडलं, म्हणजे फक्त कॅन्सरचं प्रथिन म्हणायची सोयच राहिली नाही.

अंड्याव्यतिरिक्त नाळेच्या शिरेतून काढलेल्या पेशी, ज्यांना लॅबमध्ये सगळे ह्युवेक म्हणतात, त्या मॅट्रिजेल नावाच्या प्रथिनांच्या जेलवर पसरल्या की काही तासांत आपोआप जाळीसारख्या नळ्या करतात, त्या मोजतात. पण नुसत्या नळ्या दिसल्या म्हणून सिद्ध होत नाही. त्या प्रथिनाला अडवणारी अँटीबॉडी टाकल्यावर परिणाम जायला हवा आणि तेच प्रथिन वेगळं तयार करून टाकल्यावर परत यायला हवा. दोन्ही झालं की मग म्हणायचं, हेच ते. बॅक्टेरियात तयार केलेलं प्रथिन असेल तर एंडोटॉक्सिन, म्हणजे बॅक्टेरियाच्या आवरणातलं विष, राहिलंय का ते तपासून घ्या, त्याने पण पेशी चाळवतात.

आता हार्टचं. करून बघितलंय हो. व्हीईजीएफ हृदयाच्या धमनीतून आणि शिरेतून देऊन पेशंटवर चाचणी झाली, २००३ मध्ये रिझल्ट छापून आले, आणि ६० दिवसांनी व्यायामाच्या टेस्टमध्ये प्लासिबोपेक्षा, म्हणजे नकली औषधापेक्षा, काही फरक नव्हता, प्लासिबोवाले पण सुधारले होते! एक तर रक्तात सोडलेलं प्रथिन फार टिकत नाही. दुसरं म्हणजे व्हीईजीएफ वाढीला सुरुवात करून देतं पण वाहिनीला बाहेरून पेरिसाइट पेशींचा आधार मिळायला पीडीजीएफ आणि अँजिओपोएटिन ही दुसरी प्रथिनं लागतात, नुसतं व्हीईजीएफ वाढवलं तर गळक्या वाहिन्या मिळतात. १९८३ मध्ये हेच प्रथिन आधी वाहिन्या गळक्या करणारा फॅक्टर म्हणूनच सापडलं होतं, व्हीईजीएफ हे नाव १९८९ चं. म्हणून वाढवण्यापेक्षा अडवण्यातच औषधांना जास्त यश आलं, व्हीईजीएफला अडवणारं बेव्हॅसिझुमॅब २००४ पासून कॅन्सरमध्ये वापरतात आणि रेटिनामागे वाढणाऱ्या वाहिन्यांसाठी डोळ्यात द्यायची इंजेक्शनं पण त्याच तत्त्वावर आहेत.

प्रोजेक्टसाठी सुचवायचं तर पेशींना ऑक्सिजन कमी पडला की एचआयएफ नावाचं प्रथिन जागं होतं आणि व्हीईजीएफ वाढतं, ते एलायझाने, म्हणजे अँटीबॉडी वापरून प्रथिन मोजायच्या टेस्टने, मोजा. कमी ऑक्सिजनचा चेंबर नसेल तर कोबाल्ट क्लोराइडने काम भागतं, त्याने पण एचआयएफ जागं होतं. फक्त आकडा पेशींच्या संख्येने भागून घ्या, कारण कोबाल्टने पेशी मरतात पण आणि मग मीडियममध्ये व्हीईजीएफ उगाच कमी दिसतं.