उरलेल्या अन्नामुळे गोबर गॅस का बसतो?

प्रश्न : आमचे २ घनमीटरचे गोबर गॅस संयंत्र आहे. जनावरे तीनच उरल्याने शेण कमी पडते, म्हणून मंगल कार्यालयातील उरलेले अन्न टाकू लागलो. आठवडाभर गॅस वाढला, आता शेगडी पेटत नाही आणि रबडीला (संयंत्रातल्या पातळ शेणकाल्याला) आंबूस वास येतो. काय करावे? (एक शेतकरी, काटोल तालुका)

उत्तर : अन्न टाकण्याचा आपला विचार योग्यच आहे. या आकाराच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. तीन जनावरांचे ३० किलोच्या आसपास निघते आणि किलोमागे साधारण ४० लिटर गॅस धरला, तर तो १२०० लिटरच होतो. शेण जनावराच्या पोटात एकदा पचून आलेले असते, तर भात, पोळी आणि वरण यांतले सत्त्व अजून शाबूत असल्याने तेवढ्याच वजनात त्यांपासून कितीतरी जास्त गॅस मिळतो.

अडचण मात्र याच गुणातून उद्भवते. संयंत्रात जिवाणूंचे काम टप्प्याटप्प्याने चालते. आधीचे जिवाणू अन्नाचे आम्ल करतात आणि शेवटचे त्यापासून मिथेन तयार करतात. आम्ल करणारे झपाट्याने वाढतात, मिथेन करणाऱ्यांना वाढायला कित्येक दिवस लागतात. एकदम जास्त अन्न पडले की आम्ल साचते, सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; आम्ल वाढले की हा आकडा घटतो) ६.५ च्या खाली उतरतो, मिथेन करणारे जिवाणू मंदावतात आणि घुमटात बहुतांशी कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) भरतो, जो पेटत नाही. आपल्याकडे हेच घडलेले दिसते.

त्यामुळे अन्न टाकणे आज पूर्ण थांबवावे. शेजारच्या व्यवस्थित चालणाऱ्या संयंत्रातील ताजी रबडी दोन-चार बादल्या आणून ओतावी, त्यानंतर रोज थोडेसे ताजे शेण तेवढ्याच पाण्यात कालवून सोडावे. सामू तपासण्याचा कागद स्वस्तात मिळतो, तो ६.५ च्या खाली दाखवत असेल, तर चुन्याची निवळी थोडी थोडी देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे. चुना एकदम ओतू नये. सामू ७ च्या जवळ आला, आंबूस वास गेला आणि ज्योत निळी झाली की मगच अन्न पुन्हा सुरू करावे, तेही रोज एक-दोन किलोपासून. ज्योत आठवडाभर स्थिर राहिली तरच प्रमाण वाढवावे. लग्नाच्या दिवशी मिळालेले शंभर किलो अन्न त्याच दिवशी संपवण्याचा मोह टाळावा, उरलेले कंपोस्ट खड्ड्यात टाकावे.

अन्न बारीक करून शेणात मिसळूनच द्यावे. हाडे, अंड्याची टरफले व तेलाचा तवंग आधी काढावा. संत्र्यांचा भाग असल्याने एक गोष्ट आवर्जून सांगतो : संत्र्याच्या सालीतील तेल मिथेन करणाऱ्या जिवाणूंना घातक असते, म्हणून साली संयंत्रात कधीच टाकू नयेत. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, तेव्हा कालवण्यासाठी निम्मे पाणी आणि निम्मी बाहेर पडलेली पातळ रबडी वापरावी. त्यातून जिवाणूही परत आत जातात. संपूर्ण रबडीच वापरल्यास मात्र अन्नातील मीठ साचत जाते.

हे जिवाणू ३५ अंशांच्या आसपास उत्तम काम करतात. थंडीत गॅस कमी झाला म्हणून अन्न वाढवू नये, उलट कमी करावे, घुमटावर कुटाराचा (भुशाचा) जाड थर द्यावा आणि कालवण्याचे पाणी दुपारी उन्हात तापवलेले घ्यावे.