चार्जर लावला की स्पीकर घूंऽऽ करतात

प्रश्न : मोबाइल ऑक्स केबलने गाडीच्या स्टिरिओला जोडून चार्जिंगला लावला की स्पीकर घूंऽऽ करतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आवाज आणखी चढतो. स्पीकर बदलू का?

उत्तर : स्पीकरला हातही लावू नका. गाणं चालू ठेवून चार्जर उपसा. घूंघूं थांबली तर दोष ग्राउंड लूपचा. चार्जर आणि ऑक्स केबल अशा दोन वाटांनी मोबाइल गाडीच्या निगेटिव्हला जोडला जातो आणि अल्टरनेटरची (इंजिनच्या जोरावर वीज बनवणाऱ्या यंत्राची) गुणगुण त्या फेऱ्यातून गाण्यात शिरते. मोबाइल आणि स्टिरिओच्या मध्ये ३.५ मिमी जॅकचा ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. त्यात दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. गाणं पलीकडे जातं, तारेची सलग जोडणी मात्र तुटते. फार स्वस्तातला घेतलात तर बास पातळ होतो.

चार्जर काढूनही आवाज राहिला, तर स्टिरिओची अर्थिंगची तार (बहुधा काळी) तपासा. रंग खरवडून ती उघड्या पत्र्यावर बोल्टने आवळा. रंगावर आवळलेली तार नसल्यासारखीच!