एफएओच्या आलेखात भारतात प्लँटेन दिसतच नाही. आपण ती केळी खात नाही का?

तुमचा प्रश्न असा: एफएओ म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, तिच्या माणशी अन्नपुरवठ्याच्या आलेखात घाना, युगांडा, कॅमेरून यांच्या प्लँटेनच्या (शिजवून खायच्या पिष्टमय केळ्यांच्या) रेघा वर्षानुवर्षं वर-खाली होताना दिसतात, भारताच्या नावापुढे काहीच नाही. मग आपल्याकडे ही केळी खात नाहीत का? आणि एखाद्या देशाची रेघ धाडकन पडली तर लोकांनी खाणं सोडलं असं समजायचं का?

पहिल्याचं उत्तर सोपं. खातो. भारताचं सगळं केळं एफएओकडे 'केळी' या एकाच सदरात जातं, मग ते जळगावचं ग्रँड नेन असो, केरळचं नेंद्रन असो की गोव्यातलं साल्दाती. यातलं नेंद्रन वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने खरंखुरं प्लँटेन आहे, तरी गेलं 'केळी'मध्ये. सदर रिकामं आहे म्हणजे ताट रिकामं आहे असा अर्थ काढणारे लेख वाचले की मला राग येतो.

'प्लँटेन म्हणजे कच्चं केळं' हे वाक्य मी गोव्यात इतक्यांदा ऐकलंय की आता सविस्तरच लिहितो. खतखत्यात (गोव्याच्या मिश्र भाजीत) पडतं ते किंवा रव्यात घोळून ज्याच्या फोडी तळतात ते कच्चं केळं बहुतेक वेळा हिरवं असताना काढलेलं साधं केळं असतं. ठेवलं असतं तर तेच पिकून खाल्लं असतं. प्लँटेन हा जातींचा वेगळा गट आहे. त्यात पिष्ट जास्त, आणि बऱ्याच जाती पिकल्यावरही शिजवूनच चांगल्या लागतात. 'हिरवं' ही अवस्था झाली, 'प्लँटेन' ही जात. आता गंमत म्हणजे या घोळाला सरकारी आधारही आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या घरखर्चाच्या प्रश्नावलीत (उदा. २००४-०५ची ६१वी फेरी) भाज्यांमध्ये 'प्लँटेन, हिरवं' अशी वेगळी ओळ होती आणि फळांमध्ये 'केळं' वेगळं. दोन्ही नगावर मोजलेली, किलोवर नाही. म्हणजे घरखर्चात ज्याला प्लँटेन म्हटलं, ते एफएओच्या तक्त्यात केळं. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याचा हिशेब पहिल्या ओळीतच चुकतो.

उलटी उदाहरणंही आहेत. युगांडाचं मटोके म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातलं शिजवायचं केळं. जनुकीयदृष्ट्या ते प्लँटेन नव्हे, पण जातं त्याच सदरात, म्हणून युगांडाची रेघ उंच. फिलिपिन्समध्ये साबा जातीचं केळं घरोघरी शिजवून खातात. ते कोणत्या सदरात धरलं यावर त्या देशाच्या दोन्ही रेघा हलतात. म्हणून माझा ठाम सल्ला: दोन देशांची तुलना करायची असेल तर केळी आणि प्लँटेन यांची बेरीज करूनच बघा.

आता रेघ पडण्याबद्दल. तक्त्यातला 'अन्नपुरवठा' म्हणजे पोटात गेलेलं नव्हे. उत्पादन अधिक आयात, वजा निर्यात, साठ्यातला फरक, मग त्यातून बियाणं, जनावरांचा चारा, प्रक्रिया आणि नासाडी वजा. उरेल ते भागिले लोकसंख्या. यातला कोणताही आकडा सुधारला की रेघ हलते. सगळ्यात मोठा सापळा २०१० ते २०१३चा. जुन्या पद्धतीची मालिका २०१३ला थांबते आणि नवीन पद्धतीची २०१०पासून सुरू होते, लोकसंख्येचे आकडेही नवे धरलेले. दोन्ही जोडून एक रेघ काढली की मधोमध पायरी दिसते आणि लोक तिला दुष्काळ म्हणतात. चार वर्षं दोन्हींत आहेत, ती शेजारी ठेवून फरक मोजा, मगच पुढे जा. प्रत्येक आकड्यापुढचं खुणेचं अक्षरही बघा: ए म्हणजे अधिकृत, ई म्हणजे अंदाजित, आय म्हणजे गणिताने भरलेला. सलग पाच वर्षं ई असेल तर तिथे 'कल' शोधू नका.

खरी घट ओळखायची तर पिकाचं वेळापत्रक लक्षात ठेवा. लावणीपासून घड यायला साधारण वर्ष लागतं, म्हणून वादळाचा पूर्ण फटका अनेकदा पुढच्या वर्षाच्या आकड्यात दिसतो. काळा सिगाटोका हा पानांचा बुरशीरोग १९६३मध्ये फिजीत नोंदला गेला आणि १९७०च्या दशकात मध्य अमेरिका व आफ्रिकेत पोचला. त्याची घट हळूहळू, वर्षानुवर्षं येते. युगांडात २००१मध्ये सापडलेला जिवाणूजन्य मर रोग अख्खं झाड मारतो. एका वर्षात निम्मी झालेली आणि तिथेच सपाट राहिलेली रेघ मात्र मला कागदावरची दुरुस्ती वाटते, रोग नव्हे.

सालीचा हिशेब बहुतेक जण विसरतात. समजा एक कोटी लोकसंख्येच्या देशात १० लाख टन पीक आणि १ लाख टन नासाडी. आयात-निर्यात नाही असं धरू. ९ लाख टन म्हणजे माणशी वर्षाला ९० किलो, पण सालीसकट. खाण्याजोगा भाग ६५ टक्के धरला तर ५८.५ किलो. १०० ग्रॅम कच्च्या गरात सुमारे १२२ कॅलरी, म्हणजे दिवसाला १९५च्या आसपास. सालीसकट गुणलं तर ३०० येतात, आणि हीच चूक फार लेखांत दिसते.

एक गोष्ट मान्य करतो, घरखर्चाच्या पाहणीतही परसातलं केळं सुटू शकतं. शिवाय तिथली मोजणी नगावर, तेव्हा नगाचे किलो करताना पुस्तकातलं सरासरी वजन वापरू नका. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात केळी डझनावर मिळतात, आणि मयडे गावच्या मोठ्या केळ्यांचा डझन नि छोट्या वेलचीचा डझन यांच्या वजनात काही पटींचा फरक असतो. जातीगणिक दोन-तीन फण्या दांडा काढून तोला, मग दहा नग सोलून पुन्हा तोला. हिरवं केळं सुरीने सोललं तर गरही जातो. अख्खं उकडून सोललं तर साल पातळ निघते, पण मग वजनात पाण्याचा फरक येतो, म्हणून पद्धत कोणती वापरली ते वहीत लिहून ठेवा.